एकेका ॲपला डार्क मोड: कुठे लावायचा, कुठे टाळायचा

डार्क मोड, म्हणजे पांढऱ्याऐवजी काळ्या पानावर फिकट अक्षरं दाखवणारं सेटिंग, चालू केला तरी जीमेल पांढरंच उघडतं. व्हॉट्सॲप काळं झालं, पण कीबोर्ड डोळ्यांवर उजेड मारतोच. बँकेच्या ॲपमध्ये तर शिल्लक रक्कमच दिसेनाशी होते. नवा फोन हातात आलेल्यांच्या तक्रारी बहुतेक या तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचं कारण एकच आहे: डार्क मोडचं बटण फोनमध्ये एका जागी नसतं, तीन जागी असतं. पहिलं फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये. दुसरं प्रत्येक ॲपच्या आत, त्याचं स्वतःचं. तिसरं काही कंपन्यांच्या फोनमध्येच मिळतं. ज्या ॲपला डार्क मोड ठाऊकच नाही, त्यालाही ते जबरदस्तीने काळं करतं. पहिली दोन बटणं वेगवेगळं सांगत असतील तर ॲपच्या आतल्या बटणाचं चालतं. तिसरं मात्र ॲपला विचारत नाही, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

म्हणून एका बटणात सगळा फोन काळा करून मोकळं होऊ नका. एकेका ॲपचा निर्णय वेगळा घ्या. रात्री अंथरुणात उघडायची ॲप काळी, उन्हात किंवा गिऱ्हाइकासमोर उघडायची पांढरी, एवढं धरून चाललं तरी निम्मं काम होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, पहाटे धारा काढता काढता फोन बघणारा आणि दिवसभर शाहू मार्केट यार्डात उघड्यावर उभा असणारा, या तिघांना एकच सेटिंग कधीच सोयीचं पडणार नाही.

आधी स्क्रीन कोणती ते बघा

डार्क मोडने बॅटरी वाचते हे खरं, पण सगळ्या फोनांत नाही. एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवा सतत जळत असतो. वर चित्र काळं असो की पांढरं, दिव्याला फरक पडत नाही आणि बॅटरीलाही जवळपास नाही. ओएलईडी किंवा ॲमोलेड स्क्रीनमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि पूर्ण काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओएलईडी फोनांवर काही लोकप्रिय ॲप तपासली. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३ ते ९ टक्के बॅटरी वाचली. ब्राइटनेस पूर्ण १०० टक्के असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून मंद उजेडात फोन वापरणाऱ्याला बॅटरीचा फारसा लाभ नाही, डोळ्यांचा आराम तेवढा खरा.

आपली स्क्रीन कोणती, हे फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत लिहिलेलं असतं. आयपीएस, पीएलएस, टीएफटी असं काही असेल तर ती एलसीडी. आयफोनमध्ये एक्सआर, ११ आणि एसई हे एलसीडीवाले. एक्स, एक्सएस, ११ प्रो आणि १२ पासूनचे क्रमांकवाले फोन ओएलईडी. कागदपत्रं हाताशी नसतील तर खोलीत पूर्ण अंधार करा आणि साधं काळं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. काळ्या जागेतून करडा उजेड पाझरताना दिसला की एलसीडी. स्क्रीन कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होते हेच कळेना, तर ओएलईडी.

फोनचं मुख्य बटण

अँड्रॉइडमध्ये संपूर्ण फोनसाठी डार्क थीम २०१९ साली अँड्रॉइड १० बरोबर आली, आयफोनला त्याच वर्षी आयओएस १३ बरोबर. त्यापेक्षा जुन्या फोनात बहुधा ॲपच्या आतलं बटणच काय ते हाती उरतं.

१. सेटिंग्ज उघडा आणि डिस्प्ले किंवा डिस्प्ले अँड ब्राइटनेस यात जा.

२. डार्क थीम किंवा डार्क मोड चालू करा. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर तिथे ‘गडद थीम’ असं दिसेल.

३. त्याच पानावर शेड्यूल असतं. त्यात सूर्यास्त ते सूर्योदय किंवा स्वतः ठरवलेली वेळ, असे दोन पर्याय मिळतात.

४. वरून खाली बोट ओढल्यावर जी चौकटींची पट्टी येते, तिच्यात डार्क मोडची चौकट आणून ठेवा. पेन्सिलचं चिन्ह दाबून चौकटी हलवता येतात.

सूर्यास्ताचा पर्याय निवडायचा तर फोनचं लोकेशन चालू लागतं, कारण सूर्यास्ताची वेळ फोन त्यावरूनच काढतो. कोल्हापुरात ही वेळ वर्षभरात तासाभराहून अधिक पुढेमागे होते. नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनच्या अखेरीला सात वाजून गेल्यावर. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं ठेवणाऱ्याला सहालाच काळा होणारा फोन नको असतो, कारण दुकानात ट्यूबलाइटचा उजेड भरपूर असतो. त्याने वेळ हातानेच घालावी: रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. रात्रपाळीवाल्यांनी वेळ घालायच्या भानगडीत पडू नये. पाळी दर आठवड्याला बदलते, वेळ तीच राहते आणि मग फोन भलत्या वेळी रंग बदलतो. त्यांच्यासाठी पट्टीतली चौकटच बरी.

बरेच फोन ठरलेल्या मिनिटाला, स्क्रीन चालू असताना, रंग बदलत नाहीत. मधेच स्क्रीन काळी होऊन कामात अडथळा येऊ नये म्हणून ते स्क्रीन बंद होण्याची वाट बघतात. वेळ झाली आणि काहीच घडलं नाही तर पॉवरचं बटण एकदा दाबून स्क्रीन बंद करा, पुन्हा उघडा.

आयफोनवर सेटिंग्ज → डिस्प्ले अँड ब्राइटनेस → डार्क. ऑटोमॅटिक चालू केलं की खाली ऑप्शन्समध्ये वेळ ठरवता येते. पटकन बदलायचं असेल तर कंट्रोल सेंटर उघडून ब्राइटनेसची पट्टी दाबून धरा. डार्क मोडचं बटण खालीच येतं.

याच पानांच्या आजूबाजूला आणखी दोन गोष्टी असतात आणि नवखा माणूस हमखास तिथे चुकतो. नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट स्क्रीन पिवळसर करतं, काळी करत नाही. ॲक्सेसिबिलिटीमधलं कलर इन्व्हर्जन सगळेच रंग उलटे करतं. घरच्यांचे फोटो जुन्या फिल्मच्या निगेटिव्हसारखे दिसायला लागले तर ते चुकून चालू झालं आहे, असं समजा.

आता एकेक ॲप

जवळपास सगळ्या मोठ्या ॲपमध्ये तीन पर्याय असतात: सिस्टम डीफॉल्ट, लाइट आणि डार्क. सिस्टम डीफॉल्ट म्हणजे फोन जसा, तसं ॲप. बाकीचे दोन निवडले की ॲप फोनचं ऐकणं सोडून देतं. एखादं ॲप कायम काळं किंवा कायम पांढरं हवं असेल तर त्याला नाव घेऊन डार्क किंवा लाइट सांगा. वेळेनुसार बदलायला हवं असेल तर सिस्टम डीफॉल्टवर सोडा. एकेका ॲपचा निर्णय म्हणजे मूळ एवढाच आहे, फक्त हे बटण प्रत्येकाने वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय.

व्हॉट्सॲपला डार्क मोड मार्च २०२० मध्ये मिळाला. अँड्रॉइडवर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके → सेटिंग्ज → चॅट्स. तिथे सर्वांत वर थीमचा पर्याय असतो. आवृत्तीनुसार नाव थोडं बदलतं आणि काही वेळा आणखी एक पान आत जावं लागतं. डार्क निवडून ओके दाबा. चॅटच्या मागचं चित्र मात्र वेगळ्या हिशेबाने चालतं. लाइट थीमचा वॉलपेपर वेगळा आणि डार्कचा वेगळा साठवला जातो, म्हणून लाइटमध्ये लावलेला फोटो डार्कमध्ये दिसला नाही तर तो गेलेला नसतो. डार्क थीम चालू असतानाच पुन्हा वॉलपेपरच्या पानावर जा आणि हवं ते चित्र लावा. तिथेच चित्र मंद करायची पट्टीही मिळते. देवाचा किंवा नातवंडांचा उजळ फोटो मागे असेल तर ही पट्टी निम्म्याच्या पुढे सरकवा, नाहीतर फिकट अक्षरं फोटोत हरवतात. ग्रुपवर आलेल्या लग्नपत्रिका, नोटिसा, वर्तमानपत्रांची कात्रणं ही सगळी चित्रं आहेत; ती पांढरी होती तशीच उघडणार. त्यावर डार्क मोडचा इलाज नाही, ब्राइटनेस खाली आणणं एवढंच करता येतं.

यूट्यूबमध्ये प्रोफाइलच्या पानावरचं दातेरी चक्र → जनरल → अपिअरन्स. हे ॲप बिनधास्त कायम डार्कवर ठेवावं. इथे वाचायचं थोडं असतं, बघायचं जास्त, आणि व्हिडिओभोवतीची काळी जागा चित्राला उठाव देते. इन्स्टाग्राममध्ये प्रोफाइल → तीन रेघा → ॲक्सेसिबिलिटी → डार्क मोड. फेसबुकमध्ये मेनू → सेटिंग्ज अँड प्रायव्हसी → डार्क मोड. जीमेलमध्ये डावीकडच्या तीन रेघा → सेटिंग्ज → जनरल सेटिंग्ज → थीम. जीमेल काळं केलं तरी काही ईमेल पांढरेच उघडतात, कारण पाठवणाऱ्याने पानाचा रंग आधीच ठरवून दिलेला असतो. आपल्या फोनमध्ये त्यात काही बिघडलेलं नसतं.

टेलिग्रामची सोय या बाबतीत सगळ्यांत चांगली आहे. सेटिंग्ज → चॅट सेटिंग्ज → ऑटो नाइट मोड. त्यात अडॅप्टिव्ह नावाचा पर्याय आहे. फोनच्या पुढच्या बाजूला उजेड मोजणारा सेन्सर असतो. भोवतालचा उजेड ठरलेल्या पातळीखाली गेला की टेलिग्राम आपोआप काळं होतं, उजेडात आलात की पुन्हा पांढरं. पातळी खालच्या पट्टीवर स्वतः ठरवता येते. बंदिस्त शेडमधून उन्हात आणि उन्हातून शेडमध्ये दिवसभर ये-जा असणाऱ्यांनी, उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांनी तर नक्कीच, हे करून बघावं. टेम्पर्ड ग्लास किंवा कव्हरची कड सेन्सरवर आली असेल तर ॲप भरदुपारीही काळंच राहतं. तेव्हा आधी ग्लास तपासा.

गूगल मॅप्सला थोडा वेळ द्या, कारण त्यात नेव्हिगेशनच्या रंगांचं सेटिंग वेगळं मिळतं. प्रोफाइलच्या चित्रावर दाबून सेटिंग्जमध्ये थीम निवडली की ॲपचा रंग ठरतो. प्रत्यक्ष रस्ता दाखवताना नकाशा कोणत्या रंगात यावा, ते त्याच सेटिंग्जमधल्या नेव्हिगेशनच्या पानावर कलर स्कीममध्ये ठरतं: ऑटोमॅटिक, डे किंवा नाइट. आवृत्तीनुसार या पर्यायाची जागा थोडी सरकते, पण शोधायचा नेव्हिगेशनच्या पानावरच. दुचाकीच्या हँडलला फोन लावून दिवसा आंबा घाट किंवा गगनबावड्याकडे निघालात आणि नकाशा काळा असेल तर उन्हाच्या चकाकीत रस्त्याची रेघ दिसत नाही. दिसतो तो स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा. उलट रात्री पांढरा नकाशा डोळ्यांसमोर असेल तर नजर त्या उजेडाला सरावते आणि वळणावरचा अंधार आणखी दाट वाटतो. म्हणून कलर स्कीम ऑटोमॅटिकवरच ठेवा. ॲपची थीम कायम डार्कला बांधलेली असेल आणि दिवसाही नकाशा काळाच येत असेल, तर ती फोनप्रमाणे चालण्यावर आणा. हे सगळं निघण्यापूर्वी करा, गाडी चालवताना नाही.

क्रोममध्ये तीन ठिपके → सेटिंग्ज → थीम. डार्क किंवा सिस्टम डीफॉल्ट निवडल्यावर त्याखाली वेबसाइट्सही गडद करण्याची टिक येते. ही टिक बातम्या वाचायला रात्री छान, फॉर्म भरायला वाईट. कॉलेज प्रवेशाचा, परीक्षेचा किंवा सरकारी दाखल्याचा अर्ज भरताना कॅप्चाची अक्षरं काळ्यात बुडतात, भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींतला फरक कळत नाही, लाल रंगातली चूक दाखवणारी ओळ अंधूक होते. अर्ज भरायला बसण्यापूर्वी टिक काढा आणि पान नव्याने उघडा. अर्ध्यावर टिक बदलून पान पुन्हा लोड केलं तर भरलेली माहिती पुसली जाऊ शकते.

कीबोर्ड हे वेगळं ॲप आहे, म्हणून तो वेगळा सांगावा लागतो. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर कुठेही टाइप करायला घ्या, कीबोर्डवरचं दातेरी चक्र दाबा, थीममध्ये जा आणि सिस्टम ऑटो निवडा. फोटोची किंवा रंगीत थीम लावलेली असेल तर ती फोनबरोबर बदलत नाही. कीबोर्ड पांढरा राहण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये आपण फक्त आपल्यापुरता काळा कागद बघत असतो. समोरच्याला तीच फाइल पांढरी दिसते. गुळाच्या ढेपांचा किंवा पावत्यांचा हिशेब शीटमध्ये ठेवणाऱ्यांनी डार्कमध्ये असताना चौकटींना रंग देऊ नयेत. काळ्यावर उठून दिसणारा फिका पिवळा, पांढऱ्यावर भागीदाराला दिसतच नाही. फाइल उघडी असताना तीन ठिपक्यांत लाइट थीममध्ये बघण्याचा पर्याय आहे. रंगांचं काम तिथे करा, आकडे भरायचं काम कुठेही करा.

पीडीएफ काळी होत नाही ही तक्रारही नेहमीची. सातबारा, हॉल तिकीट, नोट्स या सगळ्या पीडीएफ असतात आणि फोन काळा केला तरी कागद पांढराच राहतो. ॲडोबी ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून वरचं दृश्य बदलण्याचं चिन्ह दाबलं की नाइट मोड मिळतो. रात्री उशिरापर्यंत नोट्स वाचणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. पण छापायच्या गोष्टीचा स्क्रीनशॉट कधीही डार्कमध्ये काढू नका. झेरॉक्सच्या दुकानात तो तसाच काळाकुट्ट छापला जातो, शाई जाते आणि बारीक अक्षरं बुजतात. छपाईला नेहमी मूळ फाइल द्या.

फोनकडून जबरदस्ती: ॲपवार यादी

ज्या ॲपमध्ये डार्क मोड नाहीच, त्यांच्यासाठी काही कंपन्यांनी फोनमध्येच यादी दिली आहे. रेडमी, पोको आणि शाओमीच्या बहुतेक फोनात सेटिंग्ज → डिस्प्ले → डार्क मोडच्या पानावर आणखी पर्यायांत ॲपची यादी येते आणि प्रत्येक नावापुढे स्वतंत्र खटका असतो. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्ये डार्क मोडच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या ॲपसाठी अशीच यादी आहे. काळा किती गडद हवा, हेही तिथे तीन पायऱ्यांत निवडता येतं. विवोमध्ये डार्क मोडच्या पानावरच ॲप निवडण्याची सोय असते. आपल्या फोनात जागा सापडेना, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डार्क’ एवढंच टाइप करा; मेनू चाळत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. अशी यादी कुठेच दिसली नाही तर ती सोय त्या फोनात नाही.

या यादीतला खटका दाबला की फोन ॲपचं पान बघतो, उजळ जागा गडद करतो आणि गडद अक्षरं उजळ करतो. हा अंदाज असतो. ॲप बनवणाऱ्याने काळी अक्षरं चित्राच्या रूपात घातली असतील तर फोनला ती अक्षरं आहेत हे कळत नाही, आणि काळ्या पानावर काळी अक्षरं उरतात. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेनाशी होते ती अशी. म्हणून यादी उघडल्यावर सगळे खटके एकदम चालू करू नका. एक ॲप चालू करा, ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, त्यातली रोजची दोन-तीन पानं फिरून बघा आणि मगच दुसऱ्याकडे वळा.

पैशांची ॲप या यादीत बंदच ठेवा. त्याला दोन कारणं आहेत. एक, रक्कम, खाते क्रमांक आणि ‘नक्की पाठवायचे का’ असं विचारणारं पान हे तिन्ही स्पष्ट दिसलेच पाहिजेत. दुसरं कारण क्यूआर कोडचं. क्यूआर मुळात पांढऱ्यावर काळा असतो आणि भोवती थोडी पांढरी कड मोकळी सोडलेली असते. तीन कोपऱ्यांतले चौकोन आणि ही कड, यांवरून स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो ते कळतं. फोनने जबरदस्तीने रंग उलटे केले, किंवा नुसती कड काळी केली, तरी बरेच स्कॅनर तो वाचत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत महाद्वार रोडवर गिऱ्हाईक फोन धरून उभं आहे आणि स्कॅन काही होत नाही, तेव्हा नेटला दोष देण्याआधी आपला कोड स्क्रीनवर पांढऱ्या चौकटीत दिसतोय का ते बघा. ॲपचा स्वतःचा डार्क मोड असेल तर ही अडचण सहसा येत नाही, कारण बनवणारे क्यूआरची चौकट पांढरीच ठेवतात. रेल्वेचं, एसटीचं तिकीट फोनवर दाखवतानाही हेच लागू.

इंटरनेटवर आणखी एक उपाय सांगितला जातो: बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि त्यात फोर्स डार्क चालू करायचा. तो सोय असलेल्या फोनांत चालतो, पण सरसकट सगळ्या ॲपवर चालतो. एकेक निवडता येत नाही. शिवाय डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची ॲप उघडायला नकार देतात. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

‘सगळी ॲप काळी करा’ म्हणणारी बाहेरची ॲप घेऊ नका. त्यांतली अनेक ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, आणि ती दिली की स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची मुभा मिळते, ओटीपीसकट. काळ्या थीमच्या नावाखाली फिरणारी व्हॉट्सॲपची बनावट रूपंही तशीच धोक्याची. त्यांपायी व्हॉट्सॲप खातं बंद करतं.

आयफोनवर एकाच ॲपसाठी

आयफोनमध्ये अशी यादी नाही, पण शॉर्टकट्स ॲपमधून तेच काम करून घेता येतं. समजा फक्त पुस्तकं वाचायचं ॲप काळं हवं आहे.

१. शॉर्टकट्स उघडा, खालच्या ऑटोमेशनमध्ये जा आणि अधिकचं चिन्ह दाबा.

२. यादीतून ॲप निवडा. हवं ते ॲप ठरवा आणि ‘इज ओपन्ड’वर टिक ठेवा.

३. रन इमिजिएटली निवडा. हे विसरलं तर आयफोन दर वेळी परवानगी विचारत राहतो.

४. कृती म्हणून सेट अपिअरन्स शोधा, डार्क ठेवा, डन करा.

५. आता दुसरं ऑटोमेशन तसंच बनवा, पण ‘इज क्लोज्ड’वर टिक आणि कृतीत लाइट.

पाचवी पायरी राहिली तर ॲपमधून बाहेर आल्यावरही सगळा फोन काळाच राहतो. हे ऑटोमेशन मुळात पूर्ण फोनचाच रंग बदलतं, म्हणून मधे नोटिफिकेशन आलं तर तेही काळंच दिसेल. ॲप बदलताना क्षणभर रंग लुकलुकतो. त्याला इलाज नाही.

मराठी वाचायला

देवनागरीला डार्क मोडमध्ये जरा जास्त जपावं लागतं. काळ्यावर पांढरं अक्षर डोळ्यांना किंचित पसरल्यासारखं दिसतं. ज्यांना सिलिंड्रिकल नंबरचा चष्मा आहे त्यांना तर ते चांगलंच पसरलेलं दिसतं, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि नजरेतला दोष अधिक जाणवतो. इंग्रजी अक्षर त्यात निभावून जातं. आपल्याकडे अनुस्वाराचा ठिपका, रफार, जोडाक्षराचा खालचा बारीक तुकडा हे सगळं त्या पसरण्यात एकमेकांत मिसळतं, आणि ‘खत’ की ‘खंत’ हे दुसऱ्यांदा बघावं लागतं. यावर तीन गोष्टी करा. सेटिंग्ज → डिस्प्ले → फॉन्ट साइजमध्ये अक्षर एक पायरी वाढवा. ॲपमध्ये निवड असेल तर पूर्ण काळ्याऐवजी गडद करडा रंग घ्या. गूगलनेही ॲप बनवणाऱ्यांना काळ्यापेक्षा गडद करड्याचीच शिफारस केलेली आहे. आणि ब्राइटनेस पार तळाला नेऊ नका. डार्क मोड लावून वर ब्राइटनेस शून्यावर ठेवला की डोळे ताणूनच वाचावं लागतं.

लांब मजकूर दिवसा पांढऱ्यावर काळ्या अक्षरांतच वाचा. घरात कुणाला मोतीबिंदू असेल तर मात्र उलट करून बघा. धुरकट झालेल्या भिंगातून पांढऱ्या पानाचा उजेड विखुरतो आणि डोळे दिपतात. अशा काही जणांना काळ्यावर पांढरं अक्षर सुसह्य होतं. आजी-आजोबांच्या फोनवर आपल्या आवडीने काहीही लावू नका. दोन्ही थीममध्ये तोच मेसेज उघडून द्या आणि त्यांनाच विचारा.

अडलं तर

फोन आपोआप काळा झाला आणि हाताने काहीच केलेलं नसेल, तर बॅटरी सेव्हर चालू आहे का बघा. अनेक अँड्रॉइड फोनांत तो चालू झाला की डार्क थीमही चालू होते, आणि चार्ज केल्यावर पूर्ववत होते. बेडटाइम मोडही असंच करू शकतो.

ॲपमध्ये बदल केला तरी रंग तोच राहिला तर ॲप नुसतं मागे ढकलू नका. अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीतून ते सरकवून काढून टाका आणि पुन्हा उघडा. तरीही नाही झालं तर प्ले स्टोअरमधून अपडेट करा. शेवटचा उपाय म्हणून ॲपच्या स्टोरेजच्या पानावर जाऊन क्लिअर कॅशे करा. शेजारीच क्लिअर डेटा असतं, त्याला हात लावू नका. व्हॉट्सॲपवर ते दाबलं आणि बॅकअप नसेल तर चॅट जातात.

काळ्या पानावर बोट सरकवताना अक्षरांमागे जांभळट शेपूट दिसत असेल तर स्क्रीन खराब झालेली नाही. ओएलईडीवर बंद असलेला ठिपका पुन्हा पेटायला किंचित वेळ घेतो, म्हणून पूर्ण काळ्यावर हे दिसतं. ब्राइटनेस थोडा वाढवा किंवा करडी थीम घ्या. शेपूट कमी होते.

थीमची निवड बहुतेक ॲपमध्ये त्या फोनपुरतीच असते, खात्याबरोबर जात नाही. नवा फोन घेतला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं की ती परत करावी लागते. फोनच्या मोठ्या अपडेटनंतरही जबरदस्तीच्या यादीतले खटके एकदा तपासा, आणि सुरुवात पैशांच्या ॲपपासून करा.